राखीव फळी नसलेली आरोग्यसेवा

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये झाला आणि त्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना पूर, दरड किंवा भूकंप नसेल त्या दिवशी दुसऱ्या कोणत्या कार्यालयाचे टेबल सांभाळावे लागत नाही. तळेगावजवळच्या सुदुंबरे येथील तळावर असो वा देशात अन्यत्र, त्यांचा नेहमीचा दिवस सरावात जातो. आरोग्यसेवेत अशी राखीव फळी जवळजवळ कोठेच नसते. ज्या परिचारिकेने काल रात्रपाळीत बाळंतिणींचा कक्ष सांभाळला, तीच आज अपघातग्रस्तांना सलाईन लावते, आणि जो आरोग्यसेवक महिनाभर हिवतापाचे रक्तनमुने गोळा करत होता, तोच पुरानंतर विहिरींत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकत हिंडतो. त्यामुळे आपत्तीसाठी आरोग्य मनुष्यबळ सक्षम करणे या वरकरणी प्रशासकीय वाटणाऱ्या विषयाचा खरा अर्थ असा, की रोजच्या कामात पुरेशी माणसे असावीत, त्यांच्या हातात थोडी सवड असावी आणि एरवी न लागणारी काही कौशल्ये त्यांनी आधीच शिकून ठेवलेली असावीत. अचानक वाढलेला भार पेलण्याच्या ताकदीला वैद्यकीय परिभाषेत ‘सर्ज कपॅसिटी’ म्हणतात. जी व्यवस्था साध्या सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागातच धापा टाकते, तिच्यात ही ताकद आदेश काढून निर्माण होत नाही.

एरवी न लागणारी कौशल्ये म्हणजे नेमके काय, हे किल्लारीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर झालेल्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती, परंतु दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर असलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली हातपाय तासन्‌तास चिरडलेल्या स्थितीत राहिले की स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतील पोटॅशियम व मायोग्लोबिन नावाचे प्रथिन त्या अवयवातच साठून राहते. वरचा दगड हलवल्याबरोबर अडकलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो आणि हा सारा ऐवज एकदम शरीरभर पसरतो. पोटॅशियमने हृदय काही मिनिटांत बंद पडू शकते, आणि त्यातून वाचलेल्या रुग्णाची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊन पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. या अवस्थेला ‘क्रश सिंड्रोम’ म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बफेकीनंतर एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने 1941 मध्ये तिचे नेमके वर्णन केले.

या आजाराची विपरीतता अशी, की ढिगाऱ्याखाली बोलत असलेला माणूस सुटका झाल्यावर मरतो. त्यावरचा उपाय दुर्मीळ वा महाग नाही. दगड उचलण्यापूर्वी, माणूस अडकलेला असतानाच, त्याच्या मोकळ्या हाताच्या शिरेत साधे सलाईन भरभर सुरू करायचे, आणि ते देताना रिंगर लॅक्टेटची बाटली टाळायची, कारण तिच्यात थोडे का होईना पोटॅशियम असते. मात्र हे ज्ञान शहरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञाकडे असून भागत नाही, कारण तो पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनी पहारी लावून दगड केव्हाच बाजूला केलेले असतात. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरला आणि सुटकेच्या तुकडीतील जवानाला ठाऊक असावे लागते. महाराष्ट्रात 2014 पासून सुरू असलेल्या या सेवेची उभारणी 937 रुग्णवाहिकांनी झाली आणि तिच्यातील डॉक्टर बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. या पदव्यांवरून वैद्यक परिषदांत वाद झडत राहतील, पण पहाटे चार वाजता ढिगाऱ्याशेजारी जो उभा असेल त्यालाच शिकवणे भाग आहे.

दुसरे कौशल्य रुग्णांच्या वर्गवारीचे, म्हणजे ‘ट्रायाज’चे. त्याचे मूळ नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याच्यापर्यंत मागे नेले जाते. एकाच वेळी शंभर जखमी आल्यावर कोणाला आधी हात लावायचा, हे ठरवण्याची ही रीत आहे. प्रचलित पद्धतीत एका माणसावर एका मिनिटाहून अधिक वेळ खर्च करायचा नसतो. चालू शकणाऱ्या सर्वांना एका बाजूला बोलावून हिरवे लेबल द्यायचे; उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटाला तीसहून अधिक वेगाने चालतो, नखावर दाब देऊन सोडल्यावर ज्याच्या नखाखालची लाली दोन सेकंदांत परतत नाही किंवा ज्याला ‘मूठ आवळा’ एवढी साधी सूचना पाळता येत नाही, त्याला लाल; गंभीर असूनही थोडा वेळ थांबू शकणाऱ्याला पिवळे; आणि श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही त्याला काळे. रोजच्या रुग्णालयात सर्वांत अत्यवस्थ रुग्णाकडे सर्वांत आधी धावायचे असते, आणि इथे त्यालाच ओलांडून पुढे जावे लागते. डॉक्टरच्या हाताला वर्षानुवर्षे लागलेली सवय ऐन क्षणी मोडायला सांगणारी ही रीत पुस्तकात वाचून अंगी बाणत नाही, म्हणूनच तिची रंगीत तालीम वारंवार घ्यावी लागते.

11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी रुग्णवाहिकेची वाट पाहिली नाही; चादरींत उचलून आणि रिक्षा, टेम्पो, मिळेल त्या वाहनात घालून त्यांनी जखमींना जवळच्या रुग्णालयांत पोहोचवले. हे माणुसकीचे दर्शन होते यात शंका नाही, पण त्यामुळे वर्गवारीची जागा घटनास्थळावरून रुग्णालयाच्या फाटकावर सरकते. शिवाय किरकोळ जखमी स्वतःच्या पायांनी आधी पोहोचतात आणि कॅज्युअल्टीतील सगळ्या खाटा अडवून बसतात, तर लाल लेबलाचे रुग्ण मागाहून येतात, हे अशा घटनांत जगभर दिसलेले आहे. स्फोटात कानाचे पडदे फाटलेले असल्याने ‘चालता येईल त्यांनी इकडे या’ ही हाकही पुष्कळांना ऐकू येत नाही. म्हणून फाटकावर उभे राहण्याचे काम सर्वांत अनुभवी माणसाने करायचे असते. प्रत्यक्षात अनेकदा तिथे इंटर्न सापडतो आणि अनुभवी सर्जन शस्त्रक्रियागृहात, ही कामाची उलटी वाटणी होय.

मनुष्यबळाच्या बहुतेक आराखड्यांत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आरोग्य कर्मचारी स्वतः सुरक्षित असेल. 26 जानेवारी 2001 च्या सकाळी भुजमध्ये हे गृहीतक मोडून पडले. कच्छ जिल्ह्याचे मुख्य सरकारी रुग्णालय भूकंपात कोसळले आणि ज्यांनी उपचार करायचे ते कर्मचारी व ज्यांच्यावर उपचार चालू होते ते रुग्ण एकाच ढिगाऱ्याखाली गेले. वाचलेल्या डॉक्टर-परिचारिकांनी उघड्या मैदानात काम सुरू केले, आणि त्यांतल्या कित्येकांची घरेही तोवर उरली नव्हती. पुढे तिथे उभारलेली नवी इमारत भूकंपाचे हादरे शोषून घेणाऱ्या शिसे-रबराच्या आधारांवर उभी केली गेली. इमारतीपुरता हा धडा घेतला गेला. माणसांपुरता तो अजून पुरता घेतलेला नाही. स्थानिक कर्मचाऱ्याचे स्वतःचे मूल सापडत नसताना त्याने कामावर हजर राहावे, असे आदेशात लिहिता येते, परंतु शेजारच्या जिल्ह्यातील तुकडी काही तासांत त्याची जागा घेईल अशी सोय केल्याशिवाय त्या आदेशाला फारसा अर्थ राहत नाही.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने आपत्ती तीन-चार दिवसांत शिळी होते, आणि नेमके तेव्हाच आरोग्यसेवेच्या कामाचा लांब, कंटाळवाणा आणि बिनफोटोचा टप्पा सुरू होतो. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या काठांनी महापूर अनुभवला. अशा पुराचे पाणी ओसरल्यावर गावातील आड, विहीर आणि नळयोजनेची टाकी पुन्हा पिण्यायोग्य करावी लागते. चांगल्या प्रतीच्या टीसीएल पावडरमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असते आणि हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पावडर पुरते, पण गोणी महिनाभर दमट खोलीत उघडी पडली असेल तर तिच्यातील क्लोरीन उडून जाऊन खाली नुसती चुनखडी उरते. म्हणून आरोग्यसेवक दोरीने पोहरा सोडून विहिरीचे पाणी मोजतो, पावडर बादलीत कालवून निवळ वरच्यावर ओततो, अर्धा-एक तास थांबतो आणि मग शेवटच्या घरच्या नळाचे पाणी काचनळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग चढला नाही तर सारे पुन्हा करायचे. गावोगावी ‘ओटी टेस्ट’ म्हणून ओळखली जाणारी ही चाचणी ज्या गावात रोज झाली तिथे कॉलरा आणि काविळीची साथ सहसा येत नाही, आणि न आलेल्या साथीची बातमी होत नसल्याने हे काम करणाऱ्याचे पद रिक्त राहिले तरी फारसा गवगवा होत नाही.

मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदीर, घुशी व जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारा हा जंतू पायाच्या जखमेतून शिरतो, आणि पाण्यातून चालत गेलेल्यांना डॉक्सिसायक्लिनची गोळी वेळेत मिळाली तर आजार टळू शकतो. पण गोळी औषधभांडारात असणे आणि ती पाण्यातून चालत गेलेल्या माणसाच्या तोंडात पडणे यांमध्ये घरोघर फिरणारी, जखमेबद्दल विचारणारी आणि गर्भवतीला ही गोळी न देण्याचे भान असणारी कार्यकर्ती लागते.

घरोघर जाणाऱ्या माणसाला दार उघडले जाते की नाही, यावर या सगळ्याची भिस्त असते, आणि याबाबत महाराष्ट्राकडे सव्वाशे वर्षांपूर्वीचा कटू अनुभव आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, आणि पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँडच्या अधिपत्याखालील प्लेग समितीने घरे तपासण्याचे काम गोऱ्या सैनिकांवर सोपवले. सैनिक शिस्तीचे होते, संख्येने पुरेसे होते, पण आजारी माणसाला हात कसा लावावा, देवघरात कसे पाऊल टाकावे आणि घरातल्या बाईशी कसे बोलावे, हे त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हते. लोक रुग्ण लपवू लागले, संताप साचत गेला आणि 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी साथ एकच आणि हेतूही, निदान कागदावर तरी, रोग आटोक्यात आणण्याचाच होता. फरक होता तो काम करणाऱ्या माणसांत आणि ती कोणाची आहेत याविषयीच्या लोकांच्या समजुतीत.

कोविडच्या काळात हाच दरवाजा आशा कार्यकर्तीने ठोठावला. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची रहिवासी असलेली ही स्त्री 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून पुढे आली. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन ती घराघरांत फिरली. सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नसून मोबदला आणि मानधन मिळते, आणि कोविडच्या कामासाठी केंद्राने तिला महिन्याला 1000 रुपये जादा दिले. जून 2021 मध्ये, दुसरी लाट पुरती ओसरलेली नसताना, राज्यातील आशा संपावर गेल्या तेव्हा अनेकांना ते अवेळी वाटले, पण मागणी ऐकली जाण्याची वेळ त्यांच्या लेखी तीच होती. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गौरव योग्यच होता, मात्र पुरस्कार सर्वांचा मिळून एक असतो आणि किराणा ज्याचा त्याने भरायचा असतो.

याच साथीने खाट आणि माणूस यांचे गणितही सर्वांसमोर मांडले. मैदानात हजार खाटांचे जम्बो केंद्र काही आठवड्यांत उभे राहू शकते, हे मुंबई-पुण्याने दाखवून दिले. पण अतिदक्षता विभागातील एका खाटेशेजारी दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत एक परिचारिका ठेवायची तर आठवड्याच्या 21 पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्याला सहा पाळ्या करते असे धरले तर साडेतीन, आणि रजा व आजारपण मोजल्यास चाराहून अधिक परिचारिका एका खाटेला लागतात. पीपीई किटमध्ये पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही आणि सहा तासांनंतर हात व नजर दोन्ही थकतात, म्हणून पाळ्या आणखी लहान कराव्या लागतात आणि माणसांची संख्या पुन्हा वाढते. किट काढणे हेच एक कौशल्य होते. आधी हातमोजे, पुढे गाऊन आणि चष्मा, सर्वांत शेवटी मास्क, प्रत्येक टप्प्यावर हात स्वच्छ करत, आणि समोर उभ्या सहकाऱ्याने चूक होताच थांबवायचे, कारण दमलेल्या माणसाला संसर्ग बहुधा याच पाच मिनिटांत होतो. मे 2020 मध्ये महाराष्ट्राने केरळकडे पत्र पाठवून 50 डॉक्टर आणि 100 परिचारिका मागितल्या. देशातील सर्वाधिक वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या राज्यांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्राने केलेली ही मागणी खाटा, यंत्रे वा पैशाची नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्या वर्षी, मे 2021 मध्ये, केंद्राने नीट-पीजी परीक्षा पुढे ढकलून डॉक्टर कामावर ठेवले, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सौम्य रुग्णांची दूरध्वनीवरून देखरेख सोपवली आणि कोविडचे शंभर दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचे जाहीर केले. एका पदवीचे ठरलेले काम देखरेखीखाली दुसऱ्या पदवीच्या माणसाकडे देण्याच्या या पद्धतीला ‘टास्क शिफ्टिंग’ म्हणतात. तिची यादी शांततेच्या काळात ठरलेली असेल तर ती चांगली चालते, अन्यथा चुकीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न सही करणाऱ्याच्या पेनाशी येऊन अडतो. कंत्राटी भरतीचा दुसरा दोष लाट ओसरल्यावर उघडा पडला. कंत्राट संपले, माणसे घरी गेली, आणि व्हेंटिलेटर हाताळण्याचा वर्षभराचा अनुभवही त्यांच्याबरोबर व्यवस्थेबाहेर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मे 2021 पर्यंत जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, आणि 2030 पर्यंत जगाला सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील. या तुटवड्यात श्रीमंत देश गरीब देशांच्या परिचारिका उचलत राहणार, हे केरळइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

बाहेरून येणाऱ्या मदतीलाही शिस्त लागते, हे 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जगाला उमगले. तिथे उत्साहाने उतरलेल्या अनेक वैद्यकीय पथकांकडे स्वतःचे पाणी, अन्न वा तंबूही नव्हते आणि ज्या देशाला मदत करायची त्याच्यावरच त्यांचा भार पडला. त्यातून 2013 मध्ये पथकांचे प्रकार आखले गेले. पहिल्या प्रकारच्या पथकाने दिवसाला किमान शंभर बाह्यरुग्ण तपासावेत, दुसऱ्या प्रकाराकडे किमान वीस खाटा आणि दिवसाला सात मोठ्या शस्त्रक्रियांची क्षमता असावी, आणि दोघांनीही आपला शिधा आपण आणावा. जिल्ह्याच्या पातळीवरही हेच सूत्र लागू पडते. शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या तुकडीत कोण, तिचा प्रमुख कोण, ती कोणाच्या हुकुमात काम करणार आणि तिची औषधपेटी कोणी शेवटची उघडून तपासली, एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ साधते. अनेक कार्यालयांच्या भिंतींवर आपत्कालीन दूरध्वनींचा तक्ता असतो, आणि त्यातील बरेचसे अधिकारी बदलून गेलेले असतात.

या तयारीची जवळची परीक्षा नाशिकची आहे. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या शाही स्नानादिवशी नाशकात चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक मरण पावले होते, आणि 2027 मधील पर्वण्यांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला पुन्हा अफाट गर्दी जमणार आहे. अशा वेळी इतर जिल्ह्यांतून डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते प्रतिनियुक्तीवर बोलावले जातात. पर्वण्या भर पावसाळ्यात येतात, म्हणजे ज्या दुर्गम केंद्रांतून ही माणसे उचलली जातील तिथे तेव्हा सर्पदंश, हगवण आणि डेंगीचे दिवस असतील. प्रतिनियुक्तीच्या आदेशात कोण जाणार याचा रकाना असतोच; त्या केंद्रात पर्वणीच्या रात्री साप चावलेल्या माणसाला प्रतिविष कोण टोचणार, याचाही एक रकाना त्याच कागदावर असायला हवा.